प्रेम दोघांचं, टेबल बारा जणांचं

युरोपात गेलेल्या मराठी माणसाच्या तक्रारी ठरलेल्या असतात. शेजारी ओळख देत नाहीत. कुणाकडे जायचं तर पंधरवडाभर आधी विचारावं लागतं. संध्याकाळी साडेसहाला जेवण, नऊला गल्लीत सामसूम आणि रविवारी तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. बर्लिन, झुरिक, स्टॉकहोमहून येणारे हे उसासे ऐकून आपण मनाशी ठरवून टाकलेलं असतं की, गोरा माणूस जात्याच एकलकोंडा. तो एकटा राहतो, एकटा जेवतो आणि प्रेमसुद्धा फारसा आवाज न करता उरकतो.

पिरेनीज पर्वताच्या उत्तरेला हे खरं असेलही. पर्वत ओलांडून दक्षिणेला स्पेनमध्ये उतरलं की एकटेपणा ही चैन होऊन बसते. नोकरीच्या निमित्तानं माद्रिदला राहायला लागल्यापासून मी एकटी अशी असते ती फक्त लिफ्टमध्ये, आणि तीही वरच्या मजल्यावरच्या आजी आत शिरेपर्यंत. पहिल्याच आठवड्यात आजींनी माझं गाव, आईवडिलांची तब्येत, घरभाड्याचा आकडा आणि 'कुणी आहे का?' एवढा सगळा तपशील आपला मजला यायच्या आत काढून घेतला. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर माझ्या चांगलीच ओळखीची होती. ती सांगलीला आमच्या मावशीकडे असते.

तेव्हा स्पेनमधल्या प्रेमाचा मुख्य नियम आधीच सांगून टाकते. इथं प्रेमात पडायला दोन माणसं पुरत नाहीत.

तो कसा चालतो हे सांगण्याआधी घड्याळाचं बघू, कारण इथल्या बहुतेक भानगडी घड्याळापासून सुरू होतात. नकाशा काढून पाहिलात तर माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे. ग्रीनिचची रेषा स्पेनच्या पूर्वेकडच्या टोकातून खाली जाते. पण १९४० साली जनरल फ्रँकोच्या सरकारनं घड्याळं एक तास पुढे केली आणि देश बर्लिनच्या वेळेवर नेऊन ठेवला. पुढे महायुद्ध संपलं, हिटलर गेला, १९७५ साली फ्रँकोही गेला. घड्याळ तेवढं मागे घ्यायचं कुणाला सुचलं नाही. परिणामी जूनमध्ये माद्रिदचा सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला आणि टीव्हीवरचे मोठे कार्यक्रम साडेदहाच्या पुढे सुरू होतात. दुसऱ्या दिवशी ऑफिस सकाळी नऊलाच असतं. ही माणसं झोपतात कधी, हा प्रश्न मी इथं आल्यावर विचारायला सुरुवात केली होती, पण ज्याला विचारावं तो जांभई देत 'चल, काहीतरी घेऊ' म्हणतो. दुपारच्या वामकुक्षीचा जगभर गाजावाजा आहे, पण शहरातल्या नोकरदाराच्या नशिबी ती आपल्याइतकीच, म्हणजे फक्त सुट्टीच्या दिवशी.

या वेळापत्रकाचा पहिला बळी माझी आई. उन्हाळ्यात भारत आणि स्पेन यांच्यात साडेतीन तासांचा फरक असतो. आई पहाटे सहाला उठून चहा टाकते आणि लेक उठली असेल-नसेल याचा विचार न करता फोन लावते. माद्रिदला तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात. "जेवलीस का?" असं ती विचारते आणि मागून ग्लासांचा किणकिणाट, गिटार आणि दहा जणांचा एकाच वेळी बोलण्याचा आवाज ऐकून गप्प होते. "अजून चाललंय," हे माझं उत्तर अक्षरशः खरं असतं. वडिलांना ती नंतर काय सांगते, हे मी विचारत नाही.

आता भेटीगाठी. इथली भेट दोन पाप्यांनी सुरू होते. आधी उजव्या गालाला गाल, मग डाव्या, आणि ओठांनी हवेत हलकासा आवाज. बाई-बाई असो वा बाई-पुरुष, ओळख आत्ता या क्षणी झालेली असो वा बालपणीची, सवलत नाही. पुरुष एकमेकांशी हात मिळवतात किंवा पाठीवर असे दणके देतात की बरगडीचा फोटो काढावा. पापीवर हक्क फक्त बाप, भाऊ, काका या मंडळींचा. आपली जडणघडण नमस्काराची, दोन हात अंतर राखून पाहुण्याचं स्वागत करण्याची. इथं घर दाखवायला आलेला दलालसुद्धा नाव सांगता सांगता गाल पुढे करतो, तेव्हा पहिले काही दिवस चष्म्यावर चष्मा आपटतो. आणि खरी परीक्षा असते ती टेबलावर. बारा जण आधीच बसलेले असतील, तर लांबूनच हात हलवून खुर्ची ओढता येत नाही. फेरी पूर्ण करावी लागते. बारा माणसं, चोवीस पाप्या. निघताना पुन्हा चोवीस. म्हणून तर निघायला तास लागतो. स्पॅनिश माणूस 'निघतो' म्हणून उठतो, अर्धी फेरी करतो, सातव्या माणसापाशी नवा विषय निघतो, आणि तो पुन्हा बसतो.

हे टेबल म्हणजे इथल्या सामाजिक जीवनाचा कणा. प्रत्येक स्पॅनिश माणसाला एक टोळी असते. शाळेत जमलेली, गल्लीत वाढलेली, आणि शक्यतो स्मशानापर्यंत टिकणारी. उत्तरेकडच्या बास्क प्रांतात तर या टोळ्यांना जवळपास संस्थेचा दर्जा आहे. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून निघायचं, एका बारमध्ये छोटासा ग्लास वाइन, दोन घास, की पुढच्या बारमध्ये. बसून बूड जड करायचं नाही. पैशांचा हिशोब सोपा असतो. सुरुवातीलाच प्रत्येकानं सारखी रक्कम एकाच्या हाती द्यायची आणि त्या जमलेल्या पैशांतून सगळ्यांचं बिल भागवायचं. अलीकडे हे काम बिझुम नावाचं मोबाइल ॲप करतं. स्पेनच्या बँकांनी मिळून २०१६ साली ते आणलं आणि 'पुढच्या वेळी मी देतो' असं म्हणून वर्षानुवर्षं सुटणाऱ्यांची सोय संपली.

या टोळीत बाहेरच्या माणसाला शिरकाव मिळणं अवघड. गंमत अशी की गोडवा पहिल्या मिनिटापासून ओसंडून वाहतो. बारमध्ये शेजारी उभा राहिलेला माणूस तुमच्या खांद्यावर हात ठेवून 'आपण एकदा नक्की भेटायलाच पाहिजे' असं म्हणतो आणि त्या क्षणी ते मनापासूनच म्हणतो. फक्त तारीख विचारायची नसते. आपल्याकडे 'या एकदा घरी' म्हणणाऱ्याला 'कधी येऊ?' विचारलं की जो चेहरा होतो, तोच इथंही होतो.

मग प्रेम होतं कसं? सांगते.

नाशिकहून नुकताच आलेला एक मुलगा आमच्या ऑफिसात आहे. त्याला एका स्पॅनिश मुलीनं शनिवारी रात्री 'काहीतरी घ्यायला' बोलावलं. ठिकाण माद्रिदकरांचं नेहमीचं: पुएर्ता देल सोल चौकातलं अस्वल. अस्वल झाडाला टेकून फळं खातंय असा हा पुतळा १९६७ साली बसवला गेला आणि तेव्हापासून शहरातल्या भेटीगाठींचं खातं त्याच्याकडे आहे. पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून पावणेनऊलाच अस्वलाच्या शेपटीपाशी उभा. नऊची वेळ होती, मुलगी सव्वानऊला आली. तिच्याबरोबर तिची मावसबहीण, मावसबहिणीचा मित्र, शाळेतल्या चार मैत्रिणी, त्यातल्या एकीचा नवरा आणि कुणाच्याच ओळखीचा नसलेला एक गलेलठ्ठ गृहस्थ. रात्रभर त्या मुलीशी त्याचं बोलणं झालं ते एवढंच: "मीठ दे."

सोमवारी बिचारा तोंड पाडून बसला होता. नाकारायचं होतं तर एवढी वरात कशाला आणली, हा त्याचा सवाल. मी त्याला समजावलं की, अरे, नाकारायचं असतं तर ती एकटी आली असती. टोळीसमोर उभं करणं हीच इथली मोठी पायरी आहे. तू रात्रभर मिठाची बाटली शोधत होतास तेव्हा तुझा बघण्याचा कार्यक्रम चालला होता. मैत्रिणींनी हसतोस कसा ते पाहिलं, मावसबहिणीनं पैसे काढायला किती वेळ लावतोस ते पाहिलं, आणि त्या नवऱ्यानं फुटबॉलवर बोलतं केलं ते सहज नव्हे. पोहे तेवढे नव्हते.

पोह्यांच्या जागी इथं तोर्तिया असते. बटाटे तेलात मंद शिजवून, फेटलेल्या अंड्यात कालवून, तव्यावर उलटलेला जाडजूड गोल. देशाची एकता एका प्रश्नावर रोज पणाला लागते: तोर्तियात कांदा घालायचा की नाही? घालणारे न घालणाऱ्यांना अरसिक समजतात, न घालणारे घालणाऱ्यांना भेसळखोर. प्रेमाची बोलणी पुढे सरकली की कधी ना कधी हा प्रश्न येतोच, आणि विचारणारा हसत असला तरी उत्तर नीट ऐकतो. लग्नाच्या बोलण्यांत कांद्याला इतकं महत्त्व देणारे समाज पृथ्वीवर दोनच असावेत. त्यातला दुसरा कोण, हे सांगलीच्या मावशीला ठाऊक आहे.

अंडं चालणाऱ्या शाकाहारी मंडळींना तोर्तियाशिवाय फारसा आधारही नाही. 'मांस नको' म्हटलं की वेटर प्रेमानं मान डोलावतो आणि ट्यूना मासा पेरलेलं सॅलड आणून ठेवतो. त्याच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे, आणि हॅमचे बारीक तुकडे ही तर फोडणी.

एकेकाळी या देशात प्रेम करणं एवढं गजबजलेलं नव्हतं. नव्हे, गजबज होती, पण ती पहारेकऱ्यांची. लिफ्टमधल्या आजी मूळच्या आंदालुसियातल्या, कोर्दोबाकडच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या तरुणपणी मुलगी खिडकीच्या लोखंडी गजांच्या आत आणि मुलगा बाहेर रस्त्यावर, अशी प्रेमाची बोलणी चालत. फिरायला गेलंच तर सोबत थोरली बहीण किंवा आत्या. सालामांकाच्या मोठ्या चौकात संध्याकाळी तरुणतरुणींच्या फेऱ्या असत: मुलं एका दिशेनं, मुली उलट दिशेनं. प्रत्येक फेरीत दोनदा नजरानजर, एवढंच भांडवल. भूमितीच्या या प्रयोगातून किती संसार उभे राहिले याची गणती नाही. माद्रिदच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींचा मार्ग आणखी सरळ. १३ जूनला, संत अँतोनीच्या दिवशी, सान अँतोनियो दे ला फ्लोरिदाच्या चॅपेलमध्ये जायचं, पाण्याच्या कुंडात तेरा टाचण्या टाकायच्या आणि त्यावर तळहात दाबायचा. जितक्या टाचण्या हाताला चिकटतील तितके त्या वर्षी चाहते. ही प्रथा अजून चालू आहे. वरती छतावर चित्रकार गोयानं १७९८ साली काढलेली चित्रं, खाली कुंडात टाचण्या आणि बाहेर बायकांची रांग.

आणि तेरुएल गावचे प्रेमिक तर शोकांतिकेचे मानकरी. तेराव्या शतकातली दंतकथा अशी: गरीब दिएगो श्रीमंत होऊन येण्यासाठी पाच वर्षांची मुदत मागून गेला, परत आला तेव्हा इसाबेलचं लग्न नुकतंच दुसऱ्याशी लागलं होतं. त्यानं एक चुंबन मागितलं. परस्त्री झाले, म्हणून तिनं नकार दिला, तो तिथंच कोसळून मेला. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीत तिनं त्याच्या कलेवराचं चुंबन घेतलं आणि तीही गेली. तेरुएलला दोघांच्या समाधीवर शिल्पकार हुआन दे आवालोसनं घडवलेल्या मूर्ती आहेत. दोघांनी हात एकमेकांकडे केलेत, पण ती परक्याची बायको म्हणून बोटं टेकलेली नाहीत, मध्ये फट ठेवली आहे. त्या गावच्या कचेरीत आज कुणी चौकशीला गेलं तरी खिडकीवरच्या बाई कदाचित दोन पाप्या देतील. काळाचा महिमा म्हणतात तो हा.

हा काळ फार झपाट्यानं बदलला, हे विनोद बाजूला ठेवून सांगायला हवं. १९७५ पर्यंत स्पेनमध्ये लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला किंवा बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागत होती. घटस्फोटाचा कायदा आला १९८१ साली. आणि २००५ साली याच देशानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली, नेदरलँड्स आणि बेल्जियमनंतर जगात तिसरा नंबर. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईवर शेरा मारणं ही इथल्या पुरुषांची कला मानली जायची. २०२२ च्या कायद्यानं त्यातल्या अश्लील, अपमान करणाऱ्या शेऱ्यांची रवानगी गुन्ह्यांच्या यादीत केली. गजांच्या आतून प्रेम केलेल्या लिफ्टमधल्या आजींची नात आता एका मुलीबरोबर राहते. आजींची तक्रार एकच आहे: दोघी रविवारी जेवायला उशिरा येतात आणि भात गार होतो.

जोडीदार शोधण्याच्या बाबतीत मात्र या लोकांची कल्पकता कधी आटली नाही. हुएस्का प्रांतात, पिरेनीजच्या कुशीत प्लान नावाचं खेडं आहे. १९८५ च्या सुमारास गावात अविवाहित पुरुषच पुरुष. मुली शहरात निघून गेलेल्या. तेवढ्यात टीव्हीवर १९५१ सालचा एक हॉलिवूडपट लागला, ज्यात लांबच्या वसाहतीतल्या पुरुषांसाठी बायकांचा तांडा निघतो. आपण असतो तर पॉपकॉर्न संपवून झोपलो असतो. प्लानच्या पुरुषांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: लग्नेच्छू बायका पाहिजेत. त्याच वर्षी मार्चमध्ये बायकांचा तांडा बसनं गावात उतरला, मेजवानी झाली, नाच झाला आणि पुढे खरोखरच लग्नं लागली. ओस पडायला आलेल्या गावात पुन्हा पोरं रडू लागली. पुढे इतर गावांनीही असे तांडे बोलावले. वधूवरसूचक मंडळं चालवणाऱ्यांनी हा प्रसंग अभ्यासक्रमात घ्यावा.

त्याचा शहरी अवतार २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. मेर्कादोना हे इथलं घराघरातलं सुपरमार्केट. टिकटॉकवर एक व्हिडिओ फिरला की संध्याकाळी सात ते आठ ही तिथं जोडीदार शोधायची वेळ आहे. ट्रॉलीत अननस उलटा ठेवायचा, वाइनच्या रांगेत जायचं, आणि मनात भरलेल्या माणसाच्या ट्रॉलीला आपली ट्रॉली हळूच धडकवायची. थट्टेत सुरू झालेल्या या प्रकारानं देशभर धुमाकूळ घातला. एरवी अननसाकडे ढुंकून न पाहणारी पोरं सात वाजता फळांच्या विभागात गर्दी करू लागली. मी त्या आठवड्यात सव्वासातला तांदूळ आणायला गेले होते. हल्ली तांदूळ सकाळीच आणते.

टीव्हीवरही हाच खेळ रोज चालतो. 'फर्स्ट डेट्स' नावाचा कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे. दोन अनोळखी माणसं एका रेस्टॉरंटमध्ये समोरासमोर जेवतात आणि शेवटी पुन्हा भेटायचं की नाही हे कॅमेऱ्यासमोर सांगतात. अठरा वर्षांचे येतात तसे ऐंशीचेही येतात. स्पेनमध्ये दोघांची एकांतातली भेट बघायची असेल तर टीव्हीच लावावा लागतो, आणि तीही साऱ्या देशाबरोबर बसून बघायची. जेवता जेवता आजी स्वयंपाकघरातून ओरडतात, "नको गं त्याला हो म्हणूस, बिल बघून घाम फुटलाय!"

डेटिंग ॲप आहेतच. पण ते काही स्पॅनिश माणसाला नवीन नाही. सेर्वांतेसनं १६०५ सालीच डॉन किहोते ऊर्फ डॉन क्विझोट लिहून ठेवलाय. शेजारच्या गावातल्या एका साध्या शेतकरी मुलीला या किहोतेनं मनातल्या मनात राजकन्या केलं, तिला दुल्सिनेआ असं झोकदार नाव दिलं, आणि प्रत्यक्ष न भेटता आयुष्य तिच्यावर ओवाळून टाकलं. नुसत्या प्रोफाइलवर भाळणाऱ्यांचा हा मूळ पुरुष. खरी परिस्थिती सांगणारा, किहोतेचा सेवक होता तसला सांचो पान्सा प्रत्येक टोळीत एक असतोच आणि त्याचं आजही कुणी ऐकत नाही.

टोळीनं पसंत केलं, ट्रॉल्या धडकल्या, तरी खरी मंजिल दूर असते. ती म्हणजे आईच्या हातचं रविवारचं जेवण. इथली मुलंमुली आईवडिलांचं घर सोडतात तेव्हा सरासरी तिशी उजाडलेली असते. युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा हे वय जास्त आहे. हे सगळंच मायेपोटी नव्हे. शहरातली घरभाडी आभाळाला टेकलेली, तरुणांच्या नोकऱ्या तुटपुंज्या पगाराच्या आणि बेकारी नेहमीचीच. त्यामुळे एकोणतीस वर्षांचा वकील दारात पाय वाजू न देता रात्री तीनला घरात शिरतो आणि आतून आवाज येतो, "जेवलास का?" घर सोडून वेगळे झाले तरी नाळ तुटत नाही. रविवारी संध्याकाळच्या मेट्रोत बघावं, प्रत्येक तिसऱ्या तरुणाच्या मांडीवर आईनं भरून दिलेला डबा असतो. मसूर, कटलेट, वरणासारखं काहीतरी. सोमवारी ऑफिसात डबे उघडले की कुणाची आई काय करते यावर चर्चा होते, आणि कुणाच्या डब्यात दोन माणसांचं जेवण आलंय हे बघून बातमी फुटते.

घरी घेऊन जाणं ही घोषणाच असते. म्हणून लोक महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं एकत्र हिंडतात आणि उंबरठा टाळतात. एकदा तुम्ही त्या टेबलावर बसलात की दोन घरांचं राजकारण सुरू होतं. नाताळची पूर्वसंध्या कुणाकडे आणि वर्षअखेरीची रात्र कुणाकडे, हे ऑक्टोबरातच ठरवावं लागतं. वर्षअखेरीला बाराच्या प्रत्येक ठोक्याला एक, अशी बारा द्राक्षं गिळायची असतात. भावी सासू समोर बसून मोजत असते. जेवण झालं तरी उठायचं नाही. खरा कार्यक्रम त्यानंतर असतो. कॉफी, मग काहीतरी कडक, मग वाद, मग पत्ते, मग मगाचाच वाद. तीनला बसलेली पंगत सातला हलते. या चार तासांत बिल्डिंगमधल्या सगळ्यांची अब्रू निघते, राजकारणावरून मेहुणे उठून जातात आणि आइस्क्रीम आलं की परत येतात. सगळे एकाच वेळी बोलतात. मध्ये तोडणं हा अपमान नसतो, उलट तुम्ही शांतपणे आपली पाळी यायची वाट बघत बसलात, तर मुलीची आई काळजीनं विचारते, "याला बरं नाही का?"

लग्नाची पत्रिका आली तर तिच्यात बँकेचा खाते क्रमांक असू शकतो. पाहुण्यानं आपल्या ताटाचा खर्च निघेल एवढी रक्कम तरी तिथं भरावी, असा संकेत आहे. 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं छापून वर्षभर कुणी काय दिलं याची चर्चा करणाऱ्या आपल्याला हा रोखठोकपणा पचायला वेळ लागतो. नवरीचं आडनाव मात्र लग्नानंतर बदलत नाही. प्रत्येकाला बापाचं एक आणि आईचं एक अशी दोन आडनावं असतात, आणि ती मरेपर्यंत आपली आपण वागवायची.

शनिवारच्या रात्रीचं अर्थशास्त्र वेगळंच. माद्रिदची मेट्रो रात्री उशिरा बंद होते आणि सकाळी सहाला सुरू होते. त्यामुळे शेवटच्या गाडीच्या वेळी प्रत्येकाला निर्णय घ्यावा लागतो: आत्ता घरी, की सकाळी घरी. मधला मार्ग टॅक्सीचा, म्हणजे श्रीमंतांचा. कितीतरी जोड्या जुळल्या त्या प्रेमापेक्षा शेवटची गाडी चुकल्यामुळे, असं माझं निरीक्षण आहे. डिस्कोथेक भरायला लागतात दोनच्या पुढे. पहाटे पाचला सगळे सान हिनेसला जमतात. १८९४ पासूनचं हे दुकान घट्ट चॉकलेट आणि गरम चुरोस देतं. तळलेलं, गोड, गरम. रात्रभर रंगवून सांगितलेली स्वप्नं या उजेडात तपासून घेता येतात. पहाटे पाचला ओठावर चॉकलेट लागलेला माणूस तरीही आवडला, तर पुढे जायला हरकत नाही.

आणि ऑगस्ट. ऑगस्टमध्ये माद्रिद रिकामं होतं. दुकानांच्या शटरवर 'सुट्टीवर आहोत' अशा चिठ्ठ्या लागतात आणि जो तो आजोळच्या गावी जातो. गावात जत्रा, चौकात वाद्यवृंद, पहाटेपर्यंत नाच. नव्या मैत्रिणीला टोळीनं पाहिलं, आईनं पाहिलं, आता गाव पाहतो. संध्याकाळी गारव्याला म्हाताऱ्या खुर्च्या दाराबाहेर मांडून बसतात. कादिस प्रांतातल्या आल्गार गावच्या महापौरांनी तर २०२१ साली या दारातल्या गप्पांना युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता द्यावी अशी मागणी केली होती. अशा वारशासमोरून परकी मुलगी निघाली की प्रश्न येतोच: "तू कुणाची गं?" मला एका मैत्रिणीच्या गावी हा प्रश्न आला. मी नाव, गाव, देश सांगितला. म्हातारीनं ऐकून घेतलं, शेजारणीकडे वळून 'ती फार्मसीवाल्यांकडे उतरलीय' एवढंच सांगितलं, आणि माझा गावगाड्यात समावेश झाला.

इतकं सगळं बघितल्यावर प्रश्न पडतो की, मग आपल्यात आणि यांच्यात फरक काय? भोचकपणा तोच, आईचा डबा तोच, टेबलावरचा गोंगाट तोच. फरक आहे, आणि तो मोठा आहे. इथं चौकशी सगळे करतात, पण मंजुरी कुणी देत नाही आणि मागतही नाही. आजी विचारते, 'कुणी आहे का?' उत्तर 'नाही' असलं तर हळहळते, 'आहे' असलं तर नाव विचारते, 'मुलगी आहे' असलं तर जेवायला कधी आणतेस ते विचारते. तिला बातमी हवी असते, नकाराधिकार नको असतो. आपल्याकडच्या मावशीलाही खरं तर बातमीच हवी असते. पण बातमीबरोबर तिला जात, पगार, पत्रिका आणि अखेरचा शब्दही हवा असतो.

म्हणून सांगलीच्या मावशीला एवढंच सुचवणं आहे: मावशी, प्रश्न सगळे विचार, अगदी लिफ्टमध्ये गाठून विचार, उत्तर आल्यावर मात्र वाढायला घे. आणि ज्यांना परदेशात जाऊन शांतपणे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, एकटं राहायचं आहे, त्यांनी स्पेनच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी खुशाल जर्मनीचा व्हिसा काढावा.